निळे दिसते म्हणजे पाणी असतेच का?



२ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या लोकांना चांगली आठवते. त्या दिवशी गुढीपाडवा होता आणि रमजानचा चांदही त्याच संध्याकाळी दिसला. मगरिबनंतर चांद पाहून, एकमेकांना मुबारकबाद देऊन मंडळी तरावीहच्या तयारीला लागली होती. पावणेआठच्या सुमारास आकाशातून जळते गोळे एका ओळीत सरकत गेले. गच्चीवर एकच गलका झाला. कोणी म्हणाले तारा तुटला, कोणी म्हणाले विमान पेटले. माझी नात तेव्हा सहा वर्षांची होती. ती माझ्या ओढणीत तोंड लपवून विचारत होती, "नानी, चांद तर नाही ना पडला?"

रात्री बातमी आली की सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाची धातूची कडी पडली आहे. जवळपास एक धातूचा गोळाही सापडला. इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन वस्तू पाहून गेले. ते चिनी रॉकेटच्या एका टप्प्याचे तुकडे असावेत, असे तज्ज्ञांचे मत पडले. म्हणजे हजारो लोकांनी डोळ्यांनी पाहिले, आणि जे पाहिले ते काय होते हे बहुतेकांनी चुकीचे सांगितले. त्यात मीही होते. बत्तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले, पण मीदेखील छातीठोकपणे "उल्का आहे" म्हणून मोकळी झाले होते.

तेव्हापासून नातीला आकाशाचे वेड लागले. आता ती पाचवीत आहे. माझी मुलगी आणि जावई अहेरीला राहतात. या वेळी सुटीत तिकडे गेले, तर तिने शाळेसाठी केलेले सूर्यमालेचे चित्र माझ्यापुढे धरले. पृथ्वी निळी. नेपच्यून त्याहून निळा, अगदी शाईसारखा.

"नानी, नेपच्यूनवर पृथ्वीपेक्षा जास्त पाणी आहे ना?"

"कशावरून?"

"जास्त निळा आहे म्हणून. आणि पुस्तकात त्याला वरुण पण म्हणतात. वरुण म्हणजे हिंदूंमध्ये पाण्याचा देव, मॅडमनी सांगितलं."

तर्क काही वाईट नव्हता. मला हसू आले, पण ते फार टिकले नाही. त्याच दुपारी चंद्रपूरहून फोन आला होता. माझा पुतण्याचा मुलगा, वय पंधरा, मित्रांबरोबर एका बंद पडलेल्या कोळसा खाणीच्या खड्ड्यात पोहायला जायचा बेत करत होता. घरच्यांनी विचारले तर म्हणाला, "चाची, पाणी एकदम निळंशार आहे. घाण असतं तर निळं असतं का?" मोबाईलवर फोटोही होता. खरोखरच सुंदर निळे पाणी.

दोन मुले, दोन प्रश्न, आणि समजूत मात्र एकच. म्हणून या महिन्यात या सदरात दुसरे काही घेत नाही.

आधी आपल्या घरातल्या पाण्याकडे बघा. पेल्यातले पाणी बिनरंगी दिसते. तेच पाणी आठ-दहा मीटर खोल झाले की निळसर होते. सूर्याच्या पांढऱ्या उजेडात सगळे रंग मिसळलेले असतात. पाणी त्यातला तांबडा रंग थोडाथोडा शोषून घेते. पेल्यात हे शोषण इतके कमी असते की डोळ्यांना कळत नाही. खोल पाण्यात मात्र तांबडा जवळजवळ संपतो आणि परत येतो तो निळा.

"समुद्र निळा दिसतो कारण त्यात आभाळाचे प्रतिबिंब पडते" असे मी स्वतः कित्येक वर्षे शिकवले. ते अर्धेच खरे आहे. १९२१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडहून बोटीने परत येत होते. भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग पाहून त्यांनी हाताशी असलेल्या एका छोट्या लोलकातून पाणी पाहिले. त्या लोलकाने पृष्ठभागावरून परावर्तित झालेला आभाळाचा उजेड अडवता येत होता. उजेड अडवला तरी समुद्र निळाच राहिला. बोट मुंबई बंदरात लागली, तोवर त्यांनी 'नेचर' या नियतकालिकासाठी पत्र लिहून तयार केले होते. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, असे त्यांनी त्यात मांडले. पुढे याच वाटेने ते १९३० च्या नोबेल पारितोषिकापर्यंत पोचले. आज आपण म्हणतो की पाण्याच्या निळेपणात तांबडा रंग शोषला जाण्याचा वाटा मोठा आणि विखुरण्याचा त्याखालोखाल.

आणि आभाळ? तिथे तर पिण्यासारखे पाणी नाही, तरी ते निळे. हा प्रश्न आपल्या लोकांनी फार पूर्वी विचारला होता, हे मुलांना मुद्दाम सांगा. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदी नावाचे मोठे विद्वान होते. आभाळाचा निळा रंग कशामुळे, या एकाच प्रश्नावर त्यांनी स्वतंत्र रिसाला लिहिला. त्यांचे म्हणणे असे होते की आभाळ मुळात निळे नाहीच. वर अंधार आहे, हवेत धूळ आणि वाफेचे बारीक कण आहेत, त्या कणांवर उजेड पडतो आणि अंधार व उजेड यांच्या मिसळीतून निळा रंग भासतो. बारकावे त्यांना सापडले नव्हते, पण रंग आभाळाच्या अंगचा नसून मधल्या कणांमुळे दिसतो, ही मूळ गोष्ट त्यांनी अकराशे वर्षांपूर्वी पकडली होती. १८७१ मध्ये इंग्लंडच्या लॉर्ड रॅले यांनी गणित मांडले. प्रकाशाच्या लहरीपेक्षा खूप लहान कण निळा रंग जास्त विखुरतात आणि तांबडा कमी. हवेचे रेणू असेच लहान असतात.

हे घरी करून पाहता येते. आम्ही अहेरीला केले, तेही वीज गेली तेव्हा. काचेच्या पेल्यात पाणी घ्या, त्यात दुधाचे दोन-तीन थेंब टाका, खोलीत अंधार करा आणि एका बाजूने टॉर्च लावा. कडेने पाहिले तर पाणी निळसर दिसते. टॉर्चच्या समोरून पाहिले तर तेच पाणी पिवळट-नारिंगी दिसते. पेला एक, पाणी एक, रंग दोन. नातीने पेल्याभोवती चार फेऱ्या मारल्या आणि म्हणाली, "म्हणजे मी कुठे उभी आहे त्यावर रंग?"

आता नेपच्यून. सूर्यापासून सर्वांत दूरचा हा ग्रह. वरच्या थरांत मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियम, आणि थोडासा मिथेन. मिथेन म्हणजे शेणखताच्या गोबरगॅसमध्ये असतो तोच वायू. हा मिथेन तांबडा रंग शोषतो, म्हणून ग्रह निळा. युरेनसचेही तसेच. आपल्याकडे पंचांगवाले त्याला हर्षल म्हणतात, कारण १७८१ मध्ये तो विल्यम हर्शेल यांना सापडला. त्या निळ्यात समुद्राचा काही हात नाही. नातीला मी म्हटले, "बेटा, तू गोबरगॅसचा रंग काढला आहेस." ती दोन तास माझ्याशी बोलली नाही.

तिची शाईदेखील जास्तच झाली होती, पण त्यात तिचा दोष नाही. १९८९ च्या ऑगस्टमध्ये व्हॉयेजर-२ हे यान नेपच्यूनजवळून गेले. त्याने पाठवलेल्या चित्रांत ढग आणि पट्टे नीट दिसावेत म्हणून रंग मुद्दाम गडद केले होते. शास्त्रज्ञांना ते ठाऊक होते आणि तेव्हा तसे सांगितलेही होते. पण सांगणे मागे राहिले आणि चित्र पुढे गेले. पस्तीस वर्षे जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गडद निळा नेपच्यून छापला गेला. २०२४ च्या जानेवारीत ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी नवी मोजमापे घेऊन दाखवले की युरेनस आणि नेपच्यून दोघेही जवळजवळ सारख्याच फिकट, हिरवट-निळ्या रंगाचे आहेत. नेपच्यून किंचित जास्त निळा, इतकेच.

गंमत अशी की नातीचे उत्तर चुकीचे असले तरी अगदी खोटे नाही. या दोन्ही ग्रहांच्या पोटात पाणी आहे आणि ते भरपूर आहे. पण ते हजारो अंश तापमानात, प्रचंड दाबाखाली, अमोनिया आणि मिथेनबरोबर घट्ट मिसळलेले आहे. ना वाहणारे, ना गोठलेले, अशी त्याची अवस्था. ते आपल्याला बाहेरून दिसत नाही, त्यामुळे बाहेरच्या रंगात त्याची साक्ष नाही.

याहून मोठा फसवा निळा ग्रह आपल्या सूर्यमालेबाहेर आहे. सुमारे ६४ प्रकाशवर्षे दूर. त्याचे नाव एचडी १८९७३३बी. २०१३ मध्ये हबल दुर्बिणीने त्याचा रंग ओळखला आणि तोही ग्रह वेगळा न दिसता. युक्ती सोपी होती. ग्रह आपल्या ताऱ्याच्या मागे गेला की एकूण उजेडातून ग्रहाचा वाटा वजा होतो. मोजले तेव्हा फक्त निळा उजेड कमी झाला, बाकीचे रंग तसेच. म्हणजे ग्रह निळा, गडद निळा. पण तिथले तापमान हजार अंश सेल्सिअसच्या वर, वारे ताशी सुमारे ८,७०० किलोमीटर वेगाचे, आणि ढगांत वाळूत असतात तसे सिलिकेटचे कण. तिथे काच आडवी बरसत असावी, असे शास्त्रज्ञ म्हणतात. त्याच्या हवेत पाण्याची वाफही सापडली आहे, पण निळेपणा तिच्यामुळे आलेला नाही.

आणि उलट बाजू पाहा. मंगळ तांबडा, कारण त्याच्या मातीत लोखंडाचा गंज. आपल्याकडे काही हातपंपांचे पाणी घागरीत ठेवल्यावर पिवळे-तांबूस होते, तोच लोखंडाचा प्रताप. पण त्या गंजक्या मंगळाच्या ध्रुवांवर पाण्याचा बर्फ आहे. गुरूचा चंद्र युरोपा पांढुरका, तपकिरी रेघांचा. त्याच्या बर्फाच्या कवचाखाली पृथ्वीच्या सगळ्या महासागरांच्या दुप्पट पाणी असावे असा अंदाज आहे. शनीचा एन्सेलाडस बर्फासारखा पांढरा, आणि कॅसिनी यानाने त्याच्या भेगांतून पाण्याचे फवारे उडताना पाहिले. आपला चांद तर राखाडी. दर ईदला आपण त्याच्याकडे डोळे लावून बसतो, पण त्याच्यावर पाण्याचे रेणू आहेत हे पक्के कळले ते २००९ मध्ये. २००८ साली इस्रोने पाठवलेल्या चांद्रयान-१ वरच्या उपकरणाने ते दाखवले.

मग पाणी ओळखायचे कशाने?

प्रत्येक वायू आणि द्रव ठरावीक रंगांचा उजेड खातो. कोणते रंग गायब झाले ते मोजायचे. बरेचसे रंग आपल्या डोळ्यांना दिसतच नाहीत, ते अवरक्त असतात. त्यासाठी उपकरण लागते. पण उपकरणाची साक्षही उलटतपासणीशिवाय घ्यायची नसते, याचे ताजे उदाहरण आहे. के२-१८बी नावाचा एक ग्रह १२४ प्रकाशवर्षांवर आहे. २०१९ मध्ये हबलच्या मोजणीवरून जाहीर झाले की तिथे पाण्याची वाफ सापडली. वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले. २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने जास्त बारकाईने पाहिले. हे काम करणाऱ्या गटाचे प्रमुख निक्कू मधुसूदन हे केंब्रिजमधले भारतीय शास्त्रज्ञ. त्यांच्या मोजणीत मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड स्वच्छ दिसले. आधी जी पाण्याची खूण वाटली होती, ती बहुधा मिथेनची होती. त्या एका पट्ट्यात दोघांच्या खुणा सारख्याच पडतात. त्याच ग्रहावर खाली समुद्र आहे का, यावर आजही शास्त्रज्ञांत वाद चालू आहे. मला या वादाचे वाईट वाटत नाही. ज्यांनी घाई केली त्यांनाच पुढच्या मोजणीने थांबवले, हेच या विद्येचे बळ आहे.

अहेरीचे आकाश या सगळ्यासाठी फार चांगले. चंद्रपुरात आम्हाला वीज केंद्राच्या आणि रस्त्यांच्या दिव्यांनी तारे दिसेनासे झाले आहेत. अहेरीच्या पुढे जंगलाकडे गेलात की काळेभोर आभाळ. तिथल्या गोंड आजीआजोबांना हे आकाश आपल्यापेक्षा जास्त पाठ आहे. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी विदर्भातल्या गोंड गावांत फिरून ते नोंदवले आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. मृग नक्षत्रात ते नांगर पाहतात, आणि सप्तर्षीत खाट व ती पळवू पाहणारे तीन चोर. तर २०२५-२६ च्या काळात युरेनस कृत्तिकांच्या आसपास आहे. हिवाळ्याच्या रात्री, साधी दुर्बीण घेऊन, नकाशा पाहून शोधला तर सापडतो. निळाबिळा काही दिसत नाही, फिकट ठिपका दिसतो. नातीची निराशा झाली, हे लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी तिला प्राणहितेच्या काठावर नेले. वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन ही नदी होते. थंडीत पात्र अर्धे रिकामे, वाळू उघडी, आणि मधली धार छान निळसर-हिरवी. मी विचारले, "ऑगस्टमध्ये कशी असते?"

"चहासारखी."

"आणि पाणी कधी जास्त असतं?"

ती बराच वेळ नदीकडे बघत राहिली.

आता खाणीच्या खड्ड्याकडे येते. तो पोरगा फोनवर माझ्याशी वाद घालत होता, आणि त्याच्या वयात मीही घातला असता. त्याला मी एवढेच सांगितले की ते पाणी निळे आहे याचा पहिला अर्थ ते खोल आहे. उथळ पाणी असे निळे दिसत नाही. नदीला काठ असतो, पाय टेकत टेकत आत जाता येते. खाणीला काठ नसतो. पहिल्या पावलाला गुडघाभर आणि दुसऱ्याला तीन माणसे खोल. कडा भुसभुशीत, वर चढायला पकड नाही. वरचे पाणी उन्हाने कोमट आणि थोडे खाली गेले की एकदम गार, त्याने श्वास अडकतो. शिवाय खडकातून आलेली बारीक धूळ पाण्यात तरंगत असली तर तीही निळा रंग विखुरते, पेल्यातल्या दुधासारखी. त्यात आणखी काय विरघळले आहे ते फोटोत दिसत नाही. आमच्या जिल्ह्यात अशा खड्ड्यांत बुडालेल्या मुलांच्या बातम्या उन्हाळ्यात वाचायला मिळतात. मुलांना "जाऊ नकोस" म्हटले तर ती जातात. कारण सांगितले तर निदान थांबून ऐकतात. तो गेला नाही, अल्हमदुलिल्लाह. पोहणे शिकायची त्याची इच्छा खरी आहे, म्हणून त्याच्या वडिलांनी तरणतलावात नाव घालायचे कबूल केले आहे.

पण माझ्या मनाला जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे. निळे पाणी निदान डोळ्यांत भरते. आपल्या घरात जे येते ते स्वच्छ, नितळ, बिनरंगी. लहानपणी आम्हाला वुजूच्या पाण्याबद्दल शिकवले होते की रंग, चव आणि वास बदललेला नसावा. तहारतसाठी ती कसोटी बरोबर आहे. पिण्यासाठी ती पुरत नाही, कारण फ्लोराइडला यातले तिन्ही नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यात कित्येक गावांत बोअर आणि हातपंपाच्या पाण्यात ते जास्त आहे. जमिनीखालच्या खडकातूनच ते पाण्यात उतरते. एका लिटरमध्ये दीड मिलिग्रॅमच्या वर गेले की मुलांच्या दातांवर आधी पांढरे, मग तपकिरी डाग पडतात. वर्षानुवर्षे प्यायले तर सांधे आणि पाठ आखडते. आपण म्हणतो दात घासत नाही पोरगा, आणि त्याला रागावतो. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटते म्हणून प्रमाण वाढते. ते काढायची तुरटी आणि चुन्याची एक पद्धत नागपूरच्या 'नीरी' संस्थेने बसवून दिली आहे, नालगोंडा पद्धत म्हणतात तिला. पण मोजमापाशिवाय, अंदाजाने तुरटी टाकू नका.

आधी तपासणी. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक असतो, त्याला सांगा. नमुने घेणे हे त्याचे काम आहे. गावातल्या काही बहिणींना जलजीवन मिशनमध्ये तपासणीचा संच वापरायचे शिक्षण दिले आहे, त्यांना विचारा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्यांत आहेत. शहरात राहणाऱ्यांनीही आपल्या बोअरचे पाणी एकदा तपासून घ्यावे, फ्लॅटमधल्यांनी तर नक्कीच. तिथे सगळ्यांना वाटते की शेजाऱ्याने तपासले असेल.

मुलीच्या घरचे बोअर अकरा वर्षांचे आहे. एकदाही तपासलेले नाही. जावई म्हणाले, "अम्मी, पाणी तर काचेसारखं आहे." मी नातीकडे पाहिले, ती माझ्याकडे पाहून हसली. तिने प्लास्टिकची एक लिटरची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळली, काठोकाठ भरली आणि चिठ्ठी चिकटवली. चिठ्ठीवर तारीख, बोअरची खोली आणि खाली तिच्या अक्षरात तीन ओळी होत्या. रंग: नाही. वास: नाही. फ्लोराइड: माहीत नाही.

बाटली सोमवारी दिली. अहवाल यायचा आहे.